चालण्याजोगी मुंबई : गिरगाव ते परळ, जुन्या वाटांचा शोध

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



आत येताना दारातच एका गृहस्थांनी आम्हांला अडवले. म्हणाले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस. हे मॉर्निंग वॉकचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. ॲरिस्टॉटलच्या शिष्यांना जे नाव मिळाले, ते त्याच्या शाळेतल्या फिरण्याच्या पडवीवरून. कांट ठरल्या वेळी फिरायला निघे आणि शेजारी त्यावर घड्याळे लावीत, असे सांगतात. आपल्याकडे बुद्धाच्या परंपरेत चंक्रमण आहे, म्हणजे ठरावीक जागेत सावकाश येरझाऱ्या घालणे. अंगुत्तर निकायात त्याचे पाच फायदे मोजून सांगितले आहेत : प्रवास सोसतो, कष्ट सोसतात, प्रकृती बरी राहते, खाल्लेले पचते, आणि चालता चालता साधलेली एकाग्रता टिकते. पहिले चार फायदे आजचा कोणताही डॉक्टर सांगेल. पाचव्यासाठी मात्र वाट शांत लागते, आणि तिथेच मुंबईकराचे घोडे अडते.

आम्ही सहा जण आहोत. सगळे सत्तरीच्या पुढचे. दोन मास्तर, एक बँकेतून निवृत्त झालेले, एक परिचारिका, एक गिरगावातल्या छापखान्यात आयुष्य काढलेले, आणि एक लालबागचे, साचेखात्यात काम केलेले विणकर. सात-आठ वर्षांपूर्वी प्रत्येकाला आपापल्या डॉक्टरांनी 'चाला' म्हणून सांगितले. कुठे चालायचे ते कुणीच सांगितले नाही. फुटपाथवर मोटारसायकली, रस्त्यावर खड्डे, बागेत पाच मिनिटांत फेरी संपते. मग आम्ही ठरवले, दर रविवारी पहाटे एक भाग घ्यायचा आणि त्यात चालण्याजोगी शांत वाट आहे का, ते शोधायचे. वाटा सापडत गेल्या. गंमत अशी, बरं का, की सापडलेल्या प्रत्येक वाटेला इतिहास निघाला. या शहरात शांत वाट उगाच शिल्लक राहत नाही. ती शिल्लक राहण्यामागे काहीतरी कारण असते. ती कारणे आज आपल्यापुढे मांडायची आहेत.

नावांमध्ये राहिलेली पावले

आधी एक गैरसमज दूर करू. मुंबई हे मोटारींचे, लोकलचे शहर, असे आपण धरून चालतो. पण आगगाडी आली १८५३ साली. त्याआधीची मुंबई पायीच घडली. सात बेटे, मध्ये खाड्या, भरतीला पाणी आत शिरणार. ओहोटीला माणसे चिखल तुडवत एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जात. वरळी-माहीमकडून मुंबईच्या बेटावर आले की जिथे पाय धुवायचे ती पायधुणी. आज तिथे धुवायला पाणी नाही आणि टेकायला जागा नाही, पण नावात तो चिखलाचा पाय अजून आहे. १७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्ड पुरा झाला, वरळीकडून आत येणारे समुद्राचे पाणी अडले, आणि हळूहळू बेटे जोडली गेली.

नावे पाहा. चिंचपोकळी म्हणजे चिंचांची पोकळी, दोन उंचवट्यांमधली सखल जागा. उमरखाडी, फणसवाडी, आंबेवाडी, ताडदेव, वडाळा : सगळी झाडे. गिरगावात बोरभाट आहे, मुगभाट आहे. भाट म्हणजे लागवडीची जमीन, वाडी. चर्नी रोड स्टेशनावर आपण रोज उतरतो. 'चर्नी' हा शब्द गुरांच्या चरण्यावरून आला, अशी एक व्युत्पत्ती आहे. सरकारने १८३८ साली चराईवर कर बसवला, गरिबांची गुरे अडली, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांनी वीस हजार रुपये खर्चून ठाकुरद्वाराजवळची कुरणे घेतली आणि गुरांना मोकळी करून दिली. तिकडे गोवालिया टँकवर गुरे पाण्यावर येत. पुढे त्याच मैदानावर ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत'चे रण पेटले. गुरे जिथून चालत गेली, तिथून माणसे चालत गेली, आणि मग तिथे रस्ता झाला. मुंबईच्या नकाशाचा हा पहिला नियम आहे.

१८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. मराठीत या शहरावर लिहिलेले ते पहिले मोठे पुस्तक. १८८९ मध्ये आचार्य आणि शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' आला. आम्ही ही दोन पुस्तके पिशवीत घालून फिरलो. आमच्या छापखानेवाल्या मित्रांचे म्हणणे, जुन्या पुस्तकात जिथे विहीर, तळे, टेकडी किंवा देऊळ लिहिले आहे तिथे जावे. वाट सापडतेच. दहापैकी सात वेळा ते खरे ठरले.

शिडीची वाट

पहिली वाट सिरी रोडची. गिरगाव चौपाटीच्या टोकाकडून मलबार हिलवर चढणारा हा रस्ता. 'सिरी' म्हणजे आपली शिडी, इंग्रजी लेखणीने बिघडलेली. वाळकेश्वराला जाणारे यात्रेकरू टेकडीच्या अंगावरची ही शिडीची वाट चढत, म्हणून ते नाव. म्हणजे बघा, आज ज्या टेकडीवर महाराष्ट्रातली सर्वांत महाग घरे आहेत, तिथली जुनी वाट भाविकांच्या अनवाणी पायांनी पाडलेली आहे.

आम्ही पहाटे सहाला चौपाटीवर जमतो. लोकमान्यांच्या पुतळ्याला नमस्कार होतो. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांना इथेच अग्नी दिला. मग बाबुलनाथ उजव्या हाताला ठेवून चढण धरायची. दोन्ही बाजूंना झाडी, खाली मोटारींचा आवाज हळूहळू विरत जातो. वर गेले की कमला नेहरू पार्क आणि समोर फिरोजशहा मेहता उद्यान, ज्याला सगळे हँगिंग गार्डन म्हणतात. ही बाग १८८१ च्या सुमारास तयार झाली. ती टांगलेली नाही. खाली शहराचा पाण्याचा जलाशय आहे, त्याच्या छपरावर माती घालून बाग केली. आपण हिरवळीवर चालतो आणि पायाखाली दक्षिण मुंबईचे पिण्याचे पाणी असते.

२०२५ च्या गुढीपाडव्याला महानगरपालिकेने याच उतारावर झाडांमधून जाणारा उन्नत मार्ग खुला केला. लांबी ४८५ मीटर, रुंदी २.४ मीटर, लाकडी फळ्यांचा, तिकीट काढून आत जायचे. आमच्यात यावरून दोन तट पडले. बँकवाले म्हणाले, "पंचवीस रुपये देऊन चालायचं?" परिचारिकाबाई म्हणाल्या, "अहो, माझे गुडघे शिडी चढत नाहीत. मला आयुष्यात पहिल्यांदा झाडाच्या शेंड्याजवळून पक्षी दिसला." दोघांचेही खरे आहे. शिडीची वाट फुकट आहे आणि ती तरण्याताठ्यांची आहे. नवी वाट पैशांची आहे, पण ज्यांचे पाय गेले त्यांनाही ती घेते. सार्वजनिक वाट कुणाची, हा प्रश्न इतक्या साध्या ठिकाणी उभा राहतो.

ज्यांना दम आहे त्यांनी तसेच पुढे वाळकेश्वरला उतरावे आणि बाणगंगेवर जावे. जुने देऊळ पोर्तुगीज काळात गेले. १७१५ मध्ये रामा कामती यांनी ते पुन्हा बांधले. तळ्याभोवतीची फेरी लहान आहे. पण सकाळी साडेसातच्या उन्हात त्या पायऱ्यांवर बसून पाहा, म्हणजे प्रदक्षिणा या कल्पनेचा अर्थ कळतो. प्रदक्षिणा करणारा कुठेच पोहोचत नाही. पोहोचायचे नसलेले चालणे आपल्या संस्कृतीने देवळाभोवती जपले.

वाड्यांचे बोळ

दुसरी वाट खुद्द गिरगावातली. इथे टेकडी नाही, बागही नाही. इथे वाड्या आहेत. आत शिरायला एक अरुंद बोळ, आत चौक, विहीर, देऊळ, चाळी, आणि पलीकडून बाहेर पडायला दुसरा बोळ. ठाकुरद्वाराकडून झावबाच्या वाडीत शिरावे, रामाचे दर्शन घ्यावे, फणसवाडीकडे जावे, मुगभाटातून निघावे. मोठा रस्ता फक्त ओलांडण्यापुरता. अर्धा तास चालले तरी मोटारीशी गाठ पडत नाही.

त्यातली खोताची वाडी तुम्ही ऐकून असाल. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावावरून हे नाव पडले. त्यांनी जमिनीचे तुकडे दिले आणि तिथे मुख्यतः ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी घरे बांधली. लाकडी जिने बाहेरच्या बाजूला, कौलारू छपरे, पुढे पडवी. एके काळी अशी पासष्टच्या आसपास घरे होती. आता त्यांच्या निम्मीसुद्धा उरलेली नाहीत. थोड्याच अंतरावर केशवजी नाईकांच्या चाळी. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासून तिथे चालू आहे, आणि १९०१ साली लोकमान्य तिथे येऊन गेले.

या वाड्या शांत का? कारण त्या गाडी येण्याआधीच्या आहेत. बोळाची रुंदी ठरली ती डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईच्या अंदाजाने. नकळत झालेली ही सोय आहे. आणि म्हणून ती फार नाजूक आहे. चार चाळी पाडून एक मनोरा उभा राहिला की आतला चौक वाहनतळ होतो, बोळाला लोखंडी दार लागते आणि दाराशी रखवालदार बसतो. आमच्या छापखानेवाल्यांना एका ठिकाणी असेच अडवले. त्यांनी सांगितले, "अरे बाबा, पन्नास वर्षं मी इथून जातोय." तो पोरगा बिचारा जौनपूरचा. म्हणाला, "चाचा, हमको क्या मालूम, आगे से घूम के जाओ." रखवालदाराचा दोष नाही. वाट कागदावर नव्हतीच. ती वहिवाटीत होती, लोकांच्या पायांत होती. आणि पायांतली वाट फार लवकर मोडते. एक पिढी गेली की संपली.

आम्हांला हे बोलताना एक सावधगिरी बाळगावीशी वाटते. चाळीचे गोडवे गाणे सोपे आहे. आमच्यातल्या तिघांचे बालपण एकशेसाठ-एकशेऐंशी फुटांच्या खोलीत गेले. सार्वजनिक संडासासमोरची रांग त्यात आली. तिथल्या माणसाला मोठे घर, स्वतःचे न्हाणीघर मिळाले, तर त्याला कोण नाही म्हणेल? आमचे म्हणणे एवढेच की घर बदलताना वाट का जावी? नव्या इमारतीच्या नकाशात जिना, लिफ्ट, गाड्यांची जागा मोजून दाखवतात. तसाच जुना बोळ, लोकांच्या जाण्यायेण्यासाठी, मोजून दाखवता येणार नाही काय?

प्लेगने दिलेले रस्ते

तिसरी वाट दादर-माटुंग्याची. ती गिरगावच्या बरोबर उलट आहे. ती आपोआप झाली नाही, कागदावर आखून केली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचा रोगी आढळला. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. शहर ओस पडले. गिरण्या थंडावल्या. तेव्हाच्या राज्यकर्त्यांची समजूत अशी की दाट वस्ती आणि कोंदट हवा हे रोगाचे घर. म्हणून १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते समुद्रावरचा वारा वस्तीत यावा म्हणून पाडले. आणि शहराच्या उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथे नव्या वसाहती आखल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्याच योजनेची अपत्ये.

पारशी कॉलनीच्या मागे मंचेरजी जोशी या इंजिनिअरांची चिकाटी होती. त्यांनी घरांबरोबर झाडांचाही विचार केला. रस्त्यारस्त्यावर निरनिराळी झाडे लावण्याची त्यांची कल्पना. आज फाइव्ह गार्डन्सच्या परिसरात चालताना पाच बागा ओलांडत जाता येते, आणि एकेका रस्त्याची सावली वेगळी लागते. उन्हाळ्यात आमचे परिचारिकाबाईंना घेऊन जायचे ठिकाण हेच. फुटपाथ रुंद, घरे तीन-चार मजल्यांची, दुकाने जवळपास नाहीत. इथली शांतता सव्वाशे वर्षांपूर्वीच्या भीतीतून आली, हे मात्र विसरू नये. हजारोंनी माणसे मेली, तेव्हा कुठे शहराने माणसाला हवा लागते हे मान्य केले.

आणि हवासुद्धा सगळ्यांना सारखी मिळाली नाही. याच ट्रस्टने कामकऱ्यांसाठी चाळी बांधल्या. परळच्या बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षे राहिले. पुढे त्यांनी हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, मुख्यतः पुस्तकांसाठी. परळच्या चाळीपासून राजगृहापर्यंत आम्ही एका रविवारी चालत गेलो. सावकाश चालूनही तास लागला नाही. एकाच संस्थेने आखलेल्या दोन वस्त्या. एकीकडे खोल्यांची ओळ, दुसरीकडे झाडांची. ते अंतर पायांनी लवकर कापले जाते. समाजाला कापायला किती वेळ लागतो, ते आपण जाणताच.

दादरला आलो की शिवाजी पार्क सोडून कसे चालेल? १९२५ मध्ये महापालिकेने हे मैदान माहीम पार्क या नावाने खुले केले. १९२७ मध्ये, शिवछत्रपतींच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. भोवतीचा कट्टा सव्वा किलोमीटरच्या आसपास भरतो. चार फेऱ्या मारल्या की पाच किलोमीटरचा हिशेब जवळजवळ जमतो. २०१० साली उच्च न्यायालयाने हा भाग शांतता क्षेत्र ठरवला.

इथे पळणाऱ्यांविषयी सांगायला हवे. आमच्या बँकवाल्यांची नात पहाटे पाचला कट्ट्याभोवती पळते. २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यापासून या शहरात पळणारी एक नवी जातच तयार झाली आहे. आम्ही तिला विचारले, "मरीन ड्राइव्ह सोडून इथेच का?" ती म्हणाली, "आजोबा, इथे मला थांबावं लागत नाही. आणि इथे पाच वाजता आज्या असतात." दोन वाक्यांत तिने शास्त्र सांगितले. पळणाऱ्याला न तुटणारी वाट हवी. आणि बाईला एकान्त नको असतो, निवांतपणा हवा असतो. पुरुष ज्याला 'शांत रस्ता' म्हणतो तो बाईला पुष्कळदा निर्मनुष्य रस्ता वाटतो. आमच्या वहीत तेव्हापासून एक रकाना वाढला : पहाटे तिथे आज्या असतात का?

भोंग्याची वाट

चौथी वाट परळ-लालबागची. आणि ती सांगताना आवाज जरा खाली येतो.

पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभारायला घेतली. पुढच्या पन्नास वर्षांत गिरणगाव झाले. सातारा, रत्नागिरी, पुण्याकडची माणसे आली आणि गिरणीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर राहिली. ही चाळ इथे का, या प्रश्नाचे उत्तर 'भोंगा ऐकू येतो म्हणून' असे आहे. भोंगा झाला की हजारो माणसे एकाच वेळी रस्त्यावर. आम्ही हे मोठ्या कौतुकाने आमच्या लालबागकरांना सांगत होतो, "म्हणजे खरे चालणारे तुम्हीच!" ते थांबले. म्हणाले, "सर, आम्ही चालायचो नाही. आम्ही पाळीला जायचो."

हे वाक्य आम्ही तत्त्वज्ञानाच्या कोणत्याही ग्रंथात वाचले नव्हते. जाणे वेगळे, चालणे वेगळे. जाणारा पोटासाठी जातो. त्याचे पाय त्याचे नसतात, भोंग्याचे असतात. ज्याच्या पायांवर दुसऱ्याचा हक्क नाही, त्यालाच चालणे परवडते. एकोणिसाव्या शतकातले साहेब आणि शेटजी 'हवा खायला' बग्गीतून समुद्रावर जात. गिरणीतला माणूस आत सरकीचे तंतू खात होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. भोंगे थांबले ते बहुतेक ठिकाणी कायमचे. उरली जमीन. अठ्ठावन्न गिरण्या, सहाशे एकरांच्या आसपास, शहराच्या ऐन मध्यावर. १९९१ च्या नियमाने ठरवले होते की विकास करताना साधारण एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीला सलग आराखडा करायला सांगितले गेले. पण २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न राहता केवळ आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीची झाली. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला.

मित्रहो, हा कायद्याचा कीस वाटेल. पण चालणाऱ्याच्या भाषेत त्याचा अर्थ सांगतो. परळपासून लोअर परळपर्यंत, सावलीतून, झाडांखालून, लेकराबाळांना घेऊन चालता येईल अशी जागा या शहराला एकदाच मिळणार होती. जिथे आपले बाप-आजे पाळीला गेले, तिथे त्यांच्या नातवंडांना नुसते फिरता आले असते. ती संधी एका कलमातल्या दुरुस्तीने गेली. आज तिथे काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्यापुढे चालायला हातभर फुटपाथ.

मग उरले काय? थोडे उरले आहे, आणि ते मोलाचे आहे. परळ गावात बारादेवीचे देऊळ आहे. १९३१ मध्ये या भागात रस्त्याचे काम चालू असताना एक अखंड शिल्प सापडले. शिवाची सात रूपे, एकातून दुसरे वर उमलत गेलेली. पाचव्या-सहाव्या शतकातले आहे. ते आजही देवळातच आहे आणि त्याची पूजा होते. घारापुरी पाहायला लोक बोटीने जातात, आणि परळला राहणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसते.

तिथून आचार्य दोंदे मार्गाने पुढे जावे. हाफकिन संस्थेची जुनी वास्तू म्हणजे एके काळचे गव्हर्नरांचे निवासस्थान, त्याआधी ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ. १८८२ मध्ये इथे लेडी फर्ग्युसन कॉलऱ्याने गेल्या आणि गव्हर्नरांनी परळ सोडून मलबार पॉइंट गाठला. १८९९ मध्ये हाफकिनांची प्लेगची प्रयोगशाळा इथे आली. म्हणजे साहेबांनी रोगाच्या भयाने सोडलेल्या घरात रोगावरची लस तयार झाली. रविवारी सकाळी या रस्त्यावर वर्दळ कमी असते. रुग्णालयांच्या भिंतींपाशी गावाकडून आलेले नातेवाईक निजलेले असतात, म्हणून आम्ही तिथून न बोलता चालतो.

पुढे गोलंजी टेकडीची चढण, मग शिवडी. १६८० मध्ये बांधलेला लहानसा किल्ला. त्याच्या तटावरून खाली खाडीचा चिखल दिसतो, आणि हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत त्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. आता समोरून अटल सेतू जातो. पायधुणीचा चिखल बुजला, शिवडीचा अजून आहे. मुंबई मुळात कशी होती, ते पाहायचे असेल तर ओहोटीची वेळ साधून तिथे जावे.

वाट कशी शोधावी

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा आवरते घेतो. आमच्या अनुभवातून चार गोष्टी. एक, जुने पाणी शोधा : तळे, विहीर, जलाशय. पाण्याभोवती वाट असतेच. दोन, उंचवटा शोधा. माझगावची भंडारवाड्याची टेकडी घ्या. वर जलाशय, त्यावर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान, आणि जवळच त्या काका बाप्टिस्टांची माथारपाखाडी. कोकणात पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. मुंबईत तो शब्द वस्तीला लागला, म्हणजे इथेही वाट आणि वस्ती वेगळ्या नव्हत्या. तीन, एकच रस्ता तीन वेळांना पाहा. सकाळी सहाला शांत असलेला लालबागचा रस्ता गणपतीच्या दिवसांत ओळखू येणार नाही, आणि येऊही नये. चार, सापडलेली वाट लिहून ठेवा. कुठून शिरलो, कुठून निघालो, दार होते का, पायऱ्या किती. वहिवाट कागदावर आली की ती मोडणाऱ्याला निदान विचारावे तरी लागते. आमच्या वहीत आज एकतीस वाटा आहेत. त्यांतल्या पाच बंद झाल्या. त्या आम्ही खोडल्या नाहीत, पुढे तारीख घातली.

शेवटचे. आमच्या लालबागकरांची चाळ पुनर्विकासाला गेली. ते आता मुलाकडे बदलापूरला असतात. रविवारी पहाटेची पहिली लोकल पकडून येतात. आम्ही एकदा म्हटले, "अहो, तिकडे मोकळी हवा आहे, नदी आहे, तिकडेच फिरत जा. इतक्या लांब कशाला येता?" त्यांनी चपलेचा पट्टा नीट केला आणि म्हणाले, "या रस्त्यानं चौदा वर्षं खाली मान घालून गेलो. आता जरा वर बघत जातो."

येत्या रविवारी सहा वाजता आम्ही परळला, बारादेवीच्या देवळापाशी जमणार आहोत. शिवडीची ओहोटी पाहायची आहे. ज्यांना यायचे त्यांनी यावे. वेग आमच्या परिचारिकाबाईंच्या गुडघ्यांनी ठरवलेला असतो, तेव्हा कुणी मागे पडणार नाही.